पहिली प्रेसनोट काढायच्या आधी

पोरी,

विद्यापीठाच्या जनसंपर्क कक्षात लागलीस कळलं, लय बरं वाटलं. आता पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगेल की उद्याच्या पेपरात कुलगुरूंचा फोटो आला पाहिजे. तो आणायचाच, त्यात काय वाईट नाही, पण तेवढंच आपलं काम असं मात्र समजू नकोस.

मी नवीन होतो तेव्हा एक प्रेसनोट काढली, वरती नऊ मान्यवरांची नावं आणि परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख पार खालच्या ओळीत, पेपरवाल्यांनी जागा नाही म्हणून नेमकी तीच ओळ कापली. चार दिवसांनी जत तालुक्यातला एक पोरगा एसटीनं आला, मुठीत फॉर्मपुरते पैसे, लेट फीचे नाहीत, खिडकीपाशी नुसता उभा राहिला. ते अजून डोळ्यासमोरनं जात नाही. त्या दिवसापासनं माझ्या नोटमध्ये तारीख पहिल्या वाक्यात, नावं नंतर, कोण रागावलं तर रागावू दे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, कितीतरी घरात लाइट नाही, आणि पोरांच्या ग्रुपवर 'उद्याचा पेपर रद्द' एवढंच फिरत होतं, आता उद्याचा म्हणजे कुठल्या उद्याचा? तोच मेसेज दोन दिवसांनी परत फिरला की झालं. म्हणून प्रत्येक सूचनेवर तारीख, वेळ, परिपत्रकाचा नंबर आणि खरोखर उचलला जाणारा फोन टाक. निर्णय झाला नसेल तर 'अजून ठरलं नाही, संध्याकाळी सहाला सांगतो' असं कळव, आणि सहाला कळवच.

परीक्षा विभागवाले लवकर माहिती देत नाहीत, वरनं परवानगी आण म्हणतात. माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४ वाचून ठेव, सरकारी संस्थांनी माहिती कुणी मागायच्या आधी आपणहून जाहीर करायची असं त्यात आहे. भांडू नको गं, प्रिंट घेऊन त्यांच्या टेबलापाशी चहाला बस.

आणि ऐकून घे. कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांनी १९१९ ला काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली, ती गावोगाव फिरून, माणसांशी बोलून वाढवली, आणि आपण एसीत बसून मेल टाकतो. आठवड्यातनं एकदा खिडकीच्या रांगेत जाऊन उभी रहा, पोरं काय विचारतात ते वहीत लिही, एकच प्रश्न दहा जणांनी विचारला तर आपली सूचनाच कळत नाहीये, ती वही कुलसचिवांना दाखव.

रविवारी विश्रामबागला घरी ये, पहिल्या नोटचा कच्चा मसुदा घेऊन ये, बसून बघू.

काका