धामण बिनविषारी असते, मग घरात पाळायला काय हरकत आहे?

हरकत आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात धामण येते, पकडून घरी ठेवणं गुन्हा आहे, बिनविषारी म्हणून सूट मिळत नाही. तुम्ही लिहिलंय बंगल्यात उंदीर फार झालेत. मग पाळायची कशाला, बागेत दिसली तर असू द्या, ती फुकटात काम करते.

आता खरं सांगतो, मी पाळलेली.

1997, मी अकरावीत, पुण्याजवळच्या धायरीत. तेव्हा तिथे बिल्डिंगी कमी आणि शेतं जास्त. शेजारच्या मळ्यात कुंपणाच्या नायलॉन जाळीत साडेतीन फुटी धामण अडकली होती, मी आईची शिवणाची कात्री नेऊन जाळी कापली, तिने मनगट दोनदा धरलं, रक्त आलं, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, वर्गात हिरोगिरी झाली. 1980 साली पुण्यात नीलिमकुमार खैरे 72 विषारी सापांबरोबर 72 तास काचेच्या केबिनमध्ये राहिले होते, ती गोष्ट ऐकतच मोठे झालेलो आम्ही, त्यात कात्रजच्या सर्पोद्यानाला शाळेची सहल. डोक्यात भूत शिरायला एवढं पुरे. जखमा भरेपर्यंत ठेवू म्हणून बाबांच्या जुन्या फिशटँकमध्ये टाकली, वर प्लायवूड, त्यावर वीट.

साप माणसाला ओळखतो म्हणे. काही ओळखत नाही. ती दिवसभर एकाच कोपऱ्यात काचेला नाक घासत वर चढायची, सपकन खाली पडायची, परत चढायची. आठ दिवसांत नाकावरचे खवले सोलून गुलाबी मांस दिसायला लागलं. धामण दिवसा हिंडणारी, सात-आठ फूट वाढणारी, तिला अडीच फुटाच्या टाकीत काय होणार! एक बेडूक खाल्ला, तोही मी खोलीबाहेर गेल्यावर. दुसरा दोन दिवस तिच्या अंगावर बसून होता. हात घातला की शेपटीकडून असा घाण वास सोडायची की साबणानेही जायचा नाही. आई म्हणायची सोड तिला, मी म्हणायचो अजून नाक बरं नाही झालं. नाक टाकीमुळेच सोललंय हे डोक्यात आलंच नाही.

सतराव्या दिवशी क्लासहून आलो तर प्लायवूड तिरकं, टाकी रिकामी. मी कॉटखाली बॅटरी मारत बसलो आणि ती तोवर शेजारच्या काकूंच्या मोरीत. कोंडीत सापडली की धामण मान फुगवते, गुरगुरल्यासारखा आवाज काढते. काकूंनी नाग नाग म्हणून ओरडा केला, काठ्या आल्या. ओठांवरच्या काळ्या उभ्या रेघा तेव्हा कोण बघतंय. मी पोचलो तेव्हा मोरीची फरशी धुवून झाली होती. अहो धामण होती म्हटलं तर एक आजोबा म्हणाले, म्हणजे नागाचीच बायको, आता नाग येईल बघ. धामणीत नर वेगळा असतो आणि मादी वेगळी, नागाशी काही संबंध नाही, पण त्या दिवशी कुणाशी वाद घालणार?

आमचा दादा अजून दर गणपतीला सगळे जमले की सांगतो, ह्याने झाकण नीट लावलं नाही. आता त्याची पोरंही तेच म्हणतात. दादा, तू इथली उत्तरं वाचतोस म्हणून लिहितो, त्या दिवशी अंगणात तुमच्या स्टंपच्या विटांमध्ये सगळ्यात खालची, कोपरा तुटलेली वीट माझ्या टाकीवरची होती. मी स्वतः बघितली. तेव्हा बोललो नाही कारण तुझी बारावी होती.

बाकी, घरात शिरलीच तर वनखात्याच्या 1926 वर फोन करा, स्वतः पकडू नका. बिनविषारी असली तरी जोरात चावते. आणि फिशटँकवर एकच वीट होती हे मान्य. मळ्यात ढीग पडला होता विटांचा, दुसरी आणायचा कंटाळा केला.