गळा पाहून गाणं : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आठवीच्या माझ्या वर्गात ४४ लेकरं आहेत, २५ मुली आणि १९ मुलं. जपानमधल्या शाळांत अख्खा वर्ग मिळून गातो, त्याचे व्हिडिओ पाहून यंदाच्या गॅदरिंगला नाच नको, असंच गायचं, असा हट्ट धरलाय. मागच्या वर्षी समूहगीत घेतलं तर निम्म्यातच पोरांचे आवाज बसले आणि शेवटी पाच-सहा मुलीच गात होत्या. गाणं निवडावं कसं?
— एक शिक्षिका, परभणी जिल्हा

उत्तर : मॅडम, आवाज बसले नसावेत. गाणं पोरांच्या गळ्याबाहेरचं होतं. कॅसेटवरच्या गायिकेची पट्टी आपण तशीच उचलतो. आवाज फुटलेली मुलं मग एक सप्तक खाली उतरतात, तिथं मुखडा इतका खोल जातो की ऐकू येत नाही, आणि अंतरा आला की आवाज चिरकतो. एकदा चिरकला आणि शेजारचा हसला की तेराव्या-चौदाव्या वर्षाचं पोरगं नुसते ओठ हलवतं. यावर सगळं गाणं दोन पट्ट्या खाली घेणं हा नेहमीचा उपाय, आणि तो चुकीचा. त्यानं मुली पुटपुटायला लागतात, मुलांचं दुखणं तिथंच राहतं.

जपानी माध्यमिक शाळा तीन वर्षांची, म्हणजे आपली सातवी, आठवी, नववी. तिथं बहुतेक ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास वर्गावर्गांत गायनाची चढाओढ लागते. पुष्कळ ठिकाणी एक गाणं नेमून दिलेलं आणि एक वर्गानं निवडलेलं असतं. हातवारे करून ताल देणारा आणि पियानो वाजवणाराही वर्गातलाच. लहान वर्गांना सहसा तीन ओळींची गाणी देतात (ओळ म्हणजे एका गटाची वेगळी चाल, सगळ्या एकाच वेळी गायच्या) : मुलींच्या दोन आणि मुलांची एक. चार ओळींची गाणी मोठ्या वर्गाकडं, कारण तोवर बहुतेक मुलांचे आवाज फुटून स्थिर व्हायला लागलेले असतात. म्हणजे निवड सुरू होते ती गळ्यांपासून.

तुम्हीही एक तास पेटी घेऊन बसा. एकेकाला मोठ्यानं स्वतःचं नाव सांगायला लावा आणि तो सूर पेटीवर शोधा. तिथून एकेक पट्टी खाली जा, मग वर. दोनच गोष्टी वहीत टिपायच्या : स्पष्ट ऐकू येणारा सगळ्यात खालचा सूर, आणि मान वर न करता लागणारा सगळ्यात वरचा. प्रत्येकाला अर्धा-पाऊण मिनिट पुरतं. साधारण असं दिसेल : बऱ्याच मुली मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून (सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, बाकीच्या तशाच मोजायच्या) वरच्या पांढरी दोनपर्यंत सहज जातील. काहींचा गळा खालच्या पांढरी सहापासून मधल्या पांढरी सहापर्यंतच मोकळा असेल. नुकताच आवाज फुटलेल्या मुलांकडं मात्र खालच्या पांढरी पाचपासून मधल्या पांढरी दोनपर्यंत, एवढ्या पाचच पांढऱ्या पट्ट्या भरवशाच्या. त्या पाचांत बसेल अशी ओळ त्यांना द्या. आवाज न फुटलेली मुलं मुलींच्या खालच्या ओळीत घाला, पण उभी मुलांतच करा. नाहीतर चिडवाचिडवी ठरलेली.

मुख्य चालीला १२ मुली पुरे. उरलेल्या १३ दुसऱ्या ओळीला, आणि त्यात कानाच्या पक्क्या मुली जास्त हव्यात. चालीचा सूर कानावर पडला की दुसरी ओळ आपसूक तिकडं घसरते. आपल्याकडं चांगल्या गळ्याच्या सगळ्या मुली चालीला लावतात आणि उरल्यासुरल्या दुसऱ्या ओळीत. तिथंच गाणं फसतं.

आता गाणं. चार मिनिटांच्या आतलीच तीन-चार गाणी तुम्ही निवडा, प्रत्येक दोनदा ऐकवा आणि चिठ्ठ्यांवर मत घ्या. मतदानाआधी कीबोर्ड वाजवणाऱ्या पोराला विचारायला विसरू नका. जपानातही साथ झेपेल असा वादक वर्गात नसला तर आवडतं गाणं सोडावं लागतं. दोन वर्गांनी एकच मागितलं तर सरळ चिठ्ठी टाका.

मुरक्या (झटपट फिरणारे सूर) आणि मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) असलेलं भावगीत घेऊ नका. ४४ गळ्यांची मुरकी एकत्र येत नाही, आणि तिच्याखाली दुसरी ओळ घातली की सगळा चिखल होतो. पहिल्या वर्षी तर तीन ओळींचा अट्टहासच नको. आपल्याकडं पोवाड्यात, भारुडात झील, म्हणजे मागच्या साथीदारांनी धरायचं पालुपद, आहेच, आणि नाथांचं पैठण काही लांब नाही. एक गट शब्द म्हणेल, मुलं त्यांच्या पाच पट्ट्यांत झील धरतील. ते जमलं तर दुसऱ्या गटानं तीच चाल आठ मात्रा उशिरा उचलायची. त्याला चाल मात्र अशी हवी की दर आवर्तनाची सम, म्हणजे तालाच्या फेऱ्याची पहिली मात्रा, सा, ग किंवा प वर पडेल. नाहीतर दोन गट एकमेकांवर आदळतात.

गॅदरिंग जानेवारीत असेल तर गाणं दिवाळीच्या सुट्टीआधी ठरवा, म्हणजे चाल सुट्टीत कानात मुरते. नंतर रोज २० मिनिटं. पहिले दोन आठवडे तिन्ही गट तीन खोल्यांत, मोबाइलवर आपापली ओळ लावून. एकत्र बसवायची घाई केली की सगळे चालच गायला लागतात.

प्रश्न : 'ताबिदाची नो ही नी' हे जपानी गाणं गॅदरिंगला मूळ भाषेत बसवता येईल का?
— वाचक, लातूर

उत्तर : येईल, पण गॅदरिंगला नको, दहावीच्या निरोपाला घ्या. नावाचा अर्थच 'निघण्याच्या दिवशी' असा आहे. १९९१ साली सायतामा प्रांतातल्या चिचिबू इथल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी शब्द लिहिले, संगीत शिकवणाऱ्या बाईंनी चाल लावली आणि शिक्षकांनी ते शाळा सोडणाऱ्या मुलांसाठी गायलं. पुढं ते देशभर निरोपाचं गाणं झालं.

उच्चार आपल्या लेकरांना सोपे जातात. जपानीत स्वर पाचच : अ, इ, उ, ए, ओ. 'त्सु' म्हणताना 'चमचा'तला च आठवायला सांगा, लगेच जमतं. 'फु' मात्र दात न लावता, चूल फुंकल्यासारखा. र आणि ल यांच्या मधला एकच वर्ण आहे, तिथं जीभ टाळूला नुसती टेकवून सोडायची. एक चूक हमखास होते : शब्दाअखेरचा 'न्' आपण मागच्या अक्षराला चिकटवतो. जपानीत त्याला स्वतःची मात्रा असते. देवनागरीत लिहून देताना 'न्' सुटा लिहा आणि लांब स्वरापुढं रेघ ओढा, म्हणजे मात्रा खाल्ली जात नाही.

प्रश्न : शाळेत दुसऱ्याचं गाणं गायला परवानगी लागते का?
— वाचक, बीड

उत्तर : विद्यार्थी आणि शिक्षकांनी शाळेच्या उपक्रमात, शाळेतल्या लोकांसमोर आणि पालकांसमोर गाण्याला १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये सूट आहे. तिकीट लावू नका. विकत घ्यायच्या नोटेशनच्या ४४ झेरॉक्स काढणं आणि व्हिडिओ यूट्यूबवर टाकणं या वेगळ्या गोष्टी, त्या या सवलतीत धरू नका.

प्रश्न : कार्यक्रम मैदानावर असतो. मंडपवाला दोनच माइक देतो. काय करावं?
— मुख्याध्यापक, हिंगोली जिल्हा

उत्तर : सर, जपानी मुलं बंदिस्त जिमखान्यात किंवा सभागृहात गातात, तिथं भिंती आवाज परत देतात. मैदानात तो उडून जातो. व्हरांड्याला पायऱ्या असतील तर स्टेज सोडून पोरं तिथंच उभी करा : मागं भिंत आणि तीन रांगा आयत्या. प्रेक्षकांच्या डावीकडं चाल, मध्ये मुलं, उजवीकडं दुसरी ओळ. माइक कुणाच्या हातात देऊ नका, ज्याच्या हाती जाईल त्याचंच एकट्याचं गाणं होतं. दोन्ही स्टँडवर, पहिल्या रांगेपासून चार-पाच फूट पुढं, पहिल्या रांगेच्या डोक्याच्या वर फूटभर, तोंड मागच्या रांगेकडं. स्पीकर माइकच्या पुढं राहिले पाहिजेत, मागं गेले की शिट्टी वाजते. लाइट जाईल हे धरून पेटी जवळ ठेवा, आणि ती कीबोर्डशी आधीच जुळवून बघा. जुन्या पेट्या बऱ्याचदा थोड्या उतरलेल्या असतात. पेटीचा सूर ऐनवेळी बदलता येत नाही, कीबोर्डचा सूर मात्र बटणानं थोडा खाली घेता येतो.