श्रद्धेच्या काळजीपोटी जीवशास्त्र सोडावे का?

पत्राचा आशय: माझी मुलगी खानापूरला दुसऱ्या पीयूसीत (बारावीत) पीसीएमबी, म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित व जीवशास्त्र घेऊन शिकते. दहावीपर्यंत तिचे शिक्षण मराठी माध्यमात झाले. भीमगडच्या जंगलालगत आमचे नातेवाईक राहतात, त्यामुळे तिला लहानपणापासून प्राण्यांची ओढ आहे आणि पुढे उत्क्रांती व वन्यजीव या विषयांत संशोधन करायचे आहे. आम्ही प्रोटेस्टंट ख्रिस्ती आहोत. आमच्या मंडळीच्या तरुण संघात बाहेरून आलेल्या एका वक्त्यांनी सांगितले की, उत्क्रांती मानणारा माणूस पवित्र शास्त्र मानूच शकत नाही. तेव्हापासून मुलगी अस्वस्थ आहे आणि घरात वाद होतात. तिने बीएस्सी नर्सिंग घ्यावे असे मला वाटते. नोकरीही मिळेल आणि श्रद्धेलाही धक्का लागणार नाही. आपले मत कळवावे. (एक वडील, खानापूर तालुका)

सप्रेम नमस्कार.

मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे पवित्र शास्त्राचा अर्थ कसा लावावा हे सांगण्याचा अधिकार मला नाही. मात्र कोणत्या शाखेत काय शिकवले जाते, त्या शाखेत काम करणाऱ्या श्रद्धावान माणसांनी हा प्रश्न कसा हाताळला आणि शाखा बदलल्याने तो टळतो की नाही, एवढे मी सांगू शकतो. यातल्या शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण आपला सारा विचार त्यावर उभा आहे.

तो टळत नाही. मुलीच्या या वर्षीच्या जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातच उत्क्रांतीचे प्रकरण आहे, आणि नर्सिंगला गेल्यावर तिला सूक्ष्मजीवशास्त्र व औषधशास्त्र शिकावे लागेल. क्षयरोगाच्या नव्या रुग्णाला पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे एकत्र देतात आणि पुढचे चार महिने त्यांपैकी तीन. एका औषधावर का भागत नाही? रुग्णाच्या शरीरातील कोट्यवधी जीवाणूंमध्ये, आपोआप झालेल्या जनुकीय बदलांमुळे, एखाद्या औषधाला दाद न देणारे मोजके जीवाणू आधीपासूनच असतात. एकच औषध दिले तर बाकीचे मरतात, हे उरतात आणि पुढे त्यांचीच प्रजा वाढते. चारही औषधांना एकाच वेळी पुरून उरणारा जीवाणू मात्र अत्यंत दुर्मीळ असतो. औषधे मध्येच सोडू नका, असे रुग्णाला बजावणारी परिचारिका नैसर्गिक निवडीचाच धडा सांगत असते, मग ती तो शब्द वापरो वा न वापरो.

आपले वक्ते यावर म्हणतील की हा लहान बदल झाला. जीवाणू शेवटी जीवाणूच राहिला. हा आक्षेप मी टाळत नाही. परंतु नवे औषध आधी उंदरावर तपासून माणसाविषयी काही अंदाज बांधता येतो, तो दोघांच्या शरीरांची घडण आणि बरीचशी जनुके सारखी असल्यामुळे; आणि हे साम्य का आहे याचे जीवशास्त्राकडे असलेले उत्तर समान पूर्वज हेच आहे. वैद्यकाशी संबंधित कोणत्याही अभ्यासक्रमात हे गृहीतच धरलेले असते. नर्सिंग हा सन्मानाचा व्यवसाय आहे आणि मुलीला त्याची आवड असेल तर तिने तो अवश्य निवडावा, परंतु आडोसा म्हणून निवडू नये. आपल्या भागातील वडीलधाऱ्यांना मिरजेचे मिशन हॉस्पिटल चांगले ठाऊक आहे. ते १८९४ साली सुरू करणारे डॉ. विल्यम वॉनलेस हे मिशनरी होते, आणि शस्त्रक्रिया मात्र ते त्यांच्या काळाच्या वैद्यकशास्त्राप्रमाणेच करीत.

विज्ञान आणि ख्रिस्ती श्रद्धा यांच्यात पहिल्यापासून उघड वैर आहे, हे चित्रही मला मान्य नाही. आपली मंडळी प्रोटेस्टंट परंपरेतील आहे म्हणून सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट धर्मसुधारक जॉन कॅल्विन यांचा दाखला आधी देतो. पवित्र शास्त्रातील उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात सूर्य आणि चंद्र यांना दोन मोठ्या ज्योती म्हटले आहे. १५५४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भाष्यात कॅल्विन नमूद करतात की, खगोलशास्त्रज्ञांच्या सिद्धतेनुसार शनी चंद्रापेक्षा मोठा आहे, केवळ अंतरामुळे तो लहान दिसतो. आणि त्यात त्यांना काही वावगे वाटत नाही. या पुस्तकाचा कर्ता मानल्या गेलेल्या मोशेने सामान्य माणसाच्या डोळ्यांना दिसते तसे लिहिले, ज्याला खगोलशास्त्र शिकायचे असेल त्याने दुसरीकडे जावे, असे त्यांचे म्हणणे आहे. पृथ्वी फिरते हे कॅल्विन यांना मान्य नव्हते, हेही सांगितले पाहिजे. पण शास्त्रवचन कशासाठी वाचायचे याविषयी त्यांच्या मनात गोंधळ नव्हता.

संघर्ष झालेच नाहीत असेही नव्हे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मत मांडल्याबद्दल १६३३ साली रोममध्ये गॅलिलिओ यांच्यावर खटला चालला आणि उरलेले आयुष्य त्यांना नजरकैदेत काढावे लागले. त्या प्रकरणात तत्कालीन धर्मपंडितांची चूक झाली, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली जाहीरपणे मान्य केले. साडेतीनशेहून अधिक वर्षे हा काही थोडा काळ नाही.

मुलीच्या विषयाशी थेट जुळणारे नाव मात्र एसा ग्रे यांचे आहे. हार्वर्डचे हे वनस्पतिशास्त्रज्ञ निष्ठावान ख्रिस्ती होते आणि अमेरिकेत डार्विन यांची बाजू सर्वांत आधी मांडणाऱ्यांत ते होते. १८५८ साली लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे डार्विन आणि नैसर्गिक निवडीची कल्पना स्वतंत्रपणे सुचलेले वॉलेस यांचे जे लेखन वाचले गेले, त्यात डार्विन यांनी ग्रे यांना लिहिलेल्या एका पत्राचा भागही होता. सजीवांमध्ये होणाऱ्या बदलांना ईश्वराची दिशा असावी असे ग्रे यांना वाटे. डार्विन यांना ते पटले नाही. दोघांनी पत्रांतून हा वाद केला आणि मैत्री टिकवली. डार्विन यांची स्वतःची श्रद्धा हळूहळू विरत गेली हे खरे आहे, परंतु त्यांच्या चरित्रकारांनी त्यामागे १८५१ साली झालेल्या ॲनी या त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचाही वाटा मानला आहे. श्रद्धा जाते ती पुष्कळदा पुस्तकातील प्रकरणामुळे नव्हे, तर घरातील दुःखामुळे. आणि ते दुःख नर्सिंगच्या वॉर्डातही रोज समोर येते.

आता आपल्या घरातील वादाच्या मुळाशी येतो. पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे आणि प्रत्येक सजीव जात स्वतंत्रपणे निर्माण झाली, हेच ख्रिस्ती श्रद्धेचे सार असे आपण मानत असाल, तर जीवशास्त्राशी आपला मेळ बसणार नाही, आणि तो बसेल असे खोटे आश्वासन मी देणार नाही. आपल्या भागातील तांबड्या जांभ्या दगडाखाली जो काळा बेसॉल्ट आहे, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. हे वय अंदाजाने ठरवलेले नाही. अशा खडकातील पोटॅशियम-४० ठरावीक गतीने आर्गॉन-४० मध्ये बदलत जाते आणि त्यांचे प्रमाण मोजून खडक थिजल्यापासूनचा काळ काढता येतो. गोकाकचे पाणी ज्या खडकावरून कोसळते तो तर या बेसॉल्टहून कितीतरी जुना आहे. परंतु उत्पत्तीचे सहा दिवस म्हणजे चोवीस तासांचेच दिवस, हे वाचन ख्रिस्ती परंपरेत एकमेव कधीच नव्हते. पाचव्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन यांनी या दिवसांचा निराळा अर्थ लावला होता. आणि निसर्गाविषयी जाणकारांना ठाऊक असलेल्या गोष्टींबाबत शास्त्रवचनांच्या आधारे चुकीचे बोलून ख्रिस्ती माणसाने स्वतःचे हसे करून घेऊ नये, असा इशाराही दिला होता.

खरी अवघड गाठ पृथ्वीच्या वयाची नाही, ती आदामाची, म्हणजे पवित्र शास्त्रातील पहिल्या माणसाची आहे. आजच्या माणसांतील जनुकीय वैविध्य पाहता आपली प्रजाती एकाच जोडप्यापासून अलीकडच्या काळात निर्माण झाली असे म्हणणे जनुकशास्त्राला मान्य नाही. आणि पवित्र शास्त्रातील रोमकरांस लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल यांनी एका माणसाद्वारे पाप जगात आले असे म्हटले आहे. यावर ख्रिस्ती विद्वानांमध्ये आजही एकमत नाही. काही जण आदामाला समस्त मानवजातीचे प्रतीक मानतात, काही जण मोठ्या समूहातून देवाने निवडलेली खरीखुरी व्यक्ती मानतात, आणि काही जण जनुकशास्त्राचा निष्कर्षच नाकारतात. आपल्या मुलीला ही गाठ आज सुटलेली मिळणार नाही; परंतु ती न सुटताही प्रयोगशाळेत प्रामाणिकपणे काम करता येते. मानवी जनुकसंचाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प पूर्णत्वास नेणारे फ्रान्सिस कॉलिन्स हे आपली ख्रिस्ती श्रद्धा उघडपणे सांगतात आणि उत्क्रांतीही पूर्णपणे मान्य करतात.

मुलीने कोणाकडून एखादी शिस्त घ्यावी असे मला वाटत असेल, तर ती जॉर्ज लमेत्र यांच्याकडून. बेल्जियमचे हे कॅथलिक धर्मगुरू भौतिकशास्त्रज्ञही होते. विश्व प्रसरण पावत आहे हे त्यांनी १९२७ साली मांडले आणि १९३१ साली विश्वाचा आरंभ एका आद्य अणूपासून झाला असावा असे सुचवले. आज आपण त्याच कल्पनेच्या विकसित रूपाला महास्फोट म्हणतो. १९५१ साली पोप पायस बारावे यांनी एका भाषणात या सिद्धांताचा संबंध सृष्टीच्या निर्मितीशी जोडला, तेव्हा लमेत्र यांना आनंद व्हायला हवा होता असे कोणालाही वाटेल. त्यांना ते रुचले नाही. सिद्धांत निरीक्षणांवर तपासायचा असतो, उद्या तो बदलू शकतो, म्हणून त्याला धर्माचा पुरावा करू नये अशी त्यांची भूमिका होती. ज्या वक्त्यांनी आपल्या मुलीला अस्वस्थ केले ते, आणि विज्ञानाने देव नाही हे सिद्ध केले असे वर्गात सांगणारे शिक्षक, दोघेही ही मर्यादा ओलांडतात. असे शिक्षक तिला भेटतील, याची तयारी ठेवा. परीक्षेत उत्क्रांतीवरील प्रश्नाचे अचूक उत्तर लिहिणे ही विषय समजल्याची खूण आहे, धर्मत्यागाची प्रतिज्ञा नव्हे, हे तिला आपल्या तोंडून ऐकायला मिळाले तर तिचा निम्मा भार उतरेल.

यापुढचे सारे व्यवहाराचे आहे. संशोधनाचा मार्ग लांब आहे आणि उत्पन्न उशिरा सुरू होते. आपली काळजी या बाबतीत रास्त आहे, श्रद्धेपेक्षा इथे अधिक. बीएस्सी, एमएस्सी आणि त्यानंतर पीएच.डी. असा हा सहज दहा वर्षांचा पल्ला आहे. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाल्यास सध्या दरमहा ३७,००० रुपये विद्यावेतन मिळते, मात्र तिथपर्यंतचा खर्च घरालाच करावा लागतो. पुण्याच्या आयसर या केंद्रीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेचा पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम तिच्यासाठी उत्तम ठरेल; त्याची प्रवेश परीक्षा वेगळी असते आणि तीत जीवशास्त्राबरोबर गणित व भौतिकशास्त्रही असते, म्हणून पीसीएमबी घेतल्याचा तिला फायदाच होईल. तिथे जमले नाही तर बेळगावच्या आरएलएस किंवा जीएसएस महाविद्यालयातून बीएस्सी करून पुढे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात जाता येते. जंगलाची ओढ खरी असेल तर शिरसीच्या वनविद्या महाविद्यालयाचाही विचार करावा. तो प्रवेश केसीईटी या कर्नाटकच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होत असल्याने तो अर्ज कोणत्याही परिस्थितीत भरून ठेवावा. आपले गाव सीमाभागातील ८६५ गावांपैकी असेल, तर महाराष्ट्रातील व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी असलेली तरतूदही माहितीपुस्तिकेत पाहून घ्या.

तिला संशोधन झेपेल की नाही हे घरबसल्या ठरवू नका. खानापूर तालुक्यातील बारापेडे गुहेत रॉटनचे वटवाघूळ आहे. १९१३ साली शास्त्रीय वर्णन झालेली ही जात जगात फार थोड्या ठिकाणी सापडली आहे. या भागात काम करणाऱ्या एखाद्या अभ्यासकाबरोबर, वनखात्याच्या परवानगीने, परीक्षेनंतरच्या सुटीत तिला काही दिवस काम करू द्या. रात्री जागून नोंदी करणे, तेच तेच मोजणे आणि अनेकदा हाती काही न लागणे तिला सोसते का, ते तेव्हा कळेल. तिला ते सोसले नाही आणि तिने स्वतःहून नर्सिंगची इच्छा व्यक्त केली, तर पुन्हा लिहा; त्या प्रवेशाची माहिती स्वतंत्रपणे देईन.