तुझ्या मुलीला घेऊन रशियाला निघण्याआधी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी मेल पोचली. मुलीवर जुन्या वळणाचे संस्कार व्हावेत म्हणून कॅनडा सोडून कायमचं रशियाला जायचं म्हणतोस, आणि सोबतचा तिथल्या परवान्याचा रशियन अर्ज मराठी करून पाठवा म्हणतोस. तो मी बाजूला ठेवलाय आणि आधी हे लिहायला बसलोय. पूर्ण वाच. तू जन्मायच्या आधीपासून मी त्या लोकांची भाषा बोलतोय, आणि त्या भाषेवरच माझं घर चाललं.

मला पटवायला तू पानंच्या पानं खर्ची घातलीस, त्याची काही गरज नव्हती. घरात तिन्हीसांजेला दिवा लागावा, पोरीच्या वाढत्या वयात आजी-आजोबा जवळ असावेत, लग्न म्हणजे खेळ नव्हे, सहा वर्षांच्या मुलीला काय शिकवायचं यात आईबापाला विचारलं जावं, हे सगळं मला तुझ्याइतकंच वाटतं. तुझ्या वडिलांनाही वाटायचं. ओझरच्या टाऊनशिपमध्ये आमच्या दोन घरांत तेवढ्यावरूनच तर मैत्री जमली. तेव्हा मूल्यं कोणती, यावर तुझामाझा वाद नाही. ती राखायची कोणी, यावर आहे.

रशियानं दार उघडलंय म्हणतोस, ते खरं आहे. 19 ऑगस्ट 2024 ला पुतिन यांनी 702 क्रमांकाच्या हुकुमावर सही केली. पाश्चात्त्य देशांची नवउदारमतवादी धोरणं ज्यांना सोसत नाहीत आणि रशियाची पारंपरिक नैतिक मूल्यं ज्यांना आपली वाटतात, त्यांना तात्पुरत्या वास्तव्याचा परवाना. कोट्याची अट नाही, रशियन भाषेची परीक्षा नाही, इतिहास-कायद्याचीही नाही. पुढच्याच महिन्यात 47 देशांची यादी निघाली. त्यात भारत नाही, पण तू राहतोस तो कॅनडा आहे. म्हणून तुला हे सुचलं.

भाषेची परीक्षा माफ झाली याचा तुला आनंद झालाय. मी जन्मभर दुभाष्याचं काम केलं, म्हणून सांगतो: ज्या कागदाखाली सही करायची तो वाचता येत नसेल, तर ती माफी तुझ्या कामाची नाही. मुलीच्या शाळेतून आलेली चिठ्ठीसुद्धा तू कोणाकडून तरी वाचून घेशील, आणि तो माणूस सांगेल तेवढंच तुला कळेल. पण ही किरकोळ गोष्ट झाली. मुद्दा दुसराच आहे.

मुद्दा असा की, सरकार आज तुझ्या मनासारखं बोलतंय का, हे बघून देश निवडायचा नसतो. ज्या दिवशी ते तुझ्या मनाविरुद्ध बोलेल, त्या दिवशी तुला काय करता येईल, ते बघायचं असतं. हे मी या पत्रात परत परत सांगणार आहे. कंटाळलास तरी चालेल.

मी मॉस्कोत शिकायला गेलो तेव्हा क्रेमलिनपासून चालत जाण्याच्या अंतरावर एक भलामोठा गोल तरणतलाव होता. उघडा आणि गरम पाण्याचा. बाहेर उणे वीस तापमान असायचं आणि पाण्यावर वाफेचा असा थर की पोहणाऱ्यांची फक्त डोकी दिसायची. आम्ही आपल्याकडची पोरं, मजा वाटायची. तिथं पूर्वी काय होतं हे आमच्या रशियन शिकवणाऱ्या बाईंनी एकदा हळू आवाजात सांगितलं. ख्रिस्त तारणहाराचं महामंदिर. ते 5 डिसेंबर 1931 ला सुरुंग लावून पाडलं. जागेवर सोव्हिएत सत्तेचा उंचच उंच प्रासाद उभा राहायचा होता, तो झाला नाही, म्हणून 1960 मध्ये तलाव केला. पुढं सोव्हिएत संघ गेला, तलाव बुजवला आणि त्याच जागी तसंच चर्च पुन्हा बांधलं, 2000 साली त्याची विधिवत प्रतिष्ठापना झाली. तुझ्या मेलमध्ये ज्या सोनेरी घुमटाचा फोटो आहे ना, 'इथं अजून देव मानतात' असं खाली लिहिलेला, तेच हे. देऊळ पाडलं तेव्हा भाविकांना विचारलं नव्हतं. मानणारे तेव्हाही होते, कोट्यवधी होते.

बाई त्यांतल्याच. मुलाचा बाप्तिस्मा करायचा तर चर्चमध्ये आईबापाचे पासपोर्ट नोंदले जायचे आणि बातमी नोकरीच्या ठिकाणी पोचायची. म्हणून त्यांनी तो आजीच्या गावी, दारं लावून, एका म्हाताऱ्या पाद्र्याकडून करवून घेतला. येशूची तसबीर कपाटात कपड्यांच्या मागं असायची. लग्न एकदाच केलं, नवरा गेल्यावर एकट्या राहिल्या, नातवाला स्वतः प्रार्थना शिकवली. तुला हवी ती सगळी मूल्यं त्या बाईच्या दोन खोल्यांत होती, आणि ती सरकारनं दिलेली नव्हती. सरकारच्या डोळ्यांआड सांभाळलेली होती.

आता त्यांचं सरकार त्यांच्या देवाचं नाव घेतं. तरी सप्टेंबर 2022 मध्ये युक्रेनच्या युद्धासाठी लष्करभरतीचा हुकूम निघाला तेव्हा तो नातू एक पिशवी घेऊन कझाकस्तानात निघून गेला. मी फोन केला की बाई हवापाण्याबद्दल बोलायच्या. बर्फ पडला, बटाटे महागले, गुडघा दुखतो. नातवाचं नाव काढलं की म्हणायच्या, 'फोनवर नको'. शेवटपर्यंत आमचं बोलणं तेवढंच राहिलं. गेल्या वर्षी त्या गेल्या. इतक्या वर्षांची माया, आणि अखेरच्या दिवसांत त्यांच्या मनात काय होतं हे मला कळलं नाही, विचारताही आलं नाही. हे मला फार सलतं. तुला त्या देशाचं कौतुक वाचायला मिळतं ते तिथं नव्यानं गेलेल्यांच्या व्हिडिओंतून. मला तो देश त्या 'फोनवर नको'मधून ठाऊक आहे.

तू लिहितोस, 'तिथं गर्भपाताला विरोध आहे, कुटुंबाला मान आहे.' अरे, 1920 मध्ये गर्भपात कायदेशीर करणारं जगातलं पहिलं सरकार तेच. 1936 मध्ये त्यांनीच बंदी घातली. 1955 मध्ये त्यांनीच उठवली. आता मूल नको म्हणण्याच्या प्रचारावर 2024 पासून दंड आहे. प्रत्येक वेळी वरून ठरलं, प्रत्येक वेळी त्यालाच नीती म्हटलं गेलं, आणि लोकांनी मान डोलावली, कारण दुसरं काही करायची सोय नव्हती. आणि या सगळ्यानं घरं टिकली असंही नाही. लग्नांच्या मानानं घटस्फोट तिथं तुझ्या कॅनडापेक्षा जास्तच होतात. आज जो वारा तुझ्या शिडात भरतोय तो उद्या फिरला, तर तुझ्या हातात सुकाणू कुठाय?

आता मुलीबद्दल बोलू, कारण तू तिच्यासाठी जातोयस.

तुला ओंटारियोच्या शाळेतले धडे नकोत. तुझ्याच प्रांताच्या 2019 च्या अभ्यासक्रमात पहिली ते आठवीच्या पालकांना लैंगिक शिक्षणाच्या भागातून मुलांना सूट मागता येते. स्कूल बोर्डानं त्याची पद्धत ठरवून द्यायची असते. तू तो अर्ज भरलास? मेलमध्ये तर कुठं उल्लेख नाही. बोर्डाचे ट्रस्टी मतदानानं निवडून येतात, तू त्यांच्या सभेत उभा राहून बोललास? स्वतः निवडणुकीला उभा राहायचा विचार केलास? घर विकून, नोकरी सोडून, बिऱ्हाड उचलून सात समुद्रांपलीकडे जायची तुझी तयारी आहे, पण एका मंगळवारी संध्याकाळी शाळेच्या सभेला जायचा कंटाळा. मला राग येतो तो याचा.

रशियात 1 सप्टेंबर 2022 पासून दर सोमवारी पहिला तास 'महत्त्वाच्या गोष्टींविषयी संवाद' असतो. विषय वरून ठरून येतात. आणि येफ्रेमोवची गोष्ट ऐक. 'तुला' नावाच्या प्रांतातलं ते छोटं शहर, मॉस्कोच्या दक्षिणेला. एप्रिल 2022 मध्ये सहावीतल्या मुलीला चित्रकलेच्या तासाला सैनिकांना पाठिंबा देणारं चित्र काढायला सांगितलं. तिनं एक बाई आणि तिचं मूल काढलं, त्यांच्याकडं येणारी क्षेपणास्त्रं काढली, एका झेंड्यावर 'युद्ध नको' लिहिलं. शाळेनं पोलीस बोलावले. मग बापाच्या सोशल मीडियावरच्या पोस्ट तपासल्या गेल्या. तो एकटाच मुलीला वाढवत होता. त्याला घरकैदेत ठेवलं आणि मुलीला सरकारी आश्रयगृहात नेलं. मार्च 2023 मध्ये लष्कराची बदनामी केली म्हणून त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. पोरीनं शाळेत चित्र काढलं, एवढंच निमित्त. तुझी मुलगी चित्रं काढते, फ्रिजवर लावलेली तूच दाखवलीस मला व्हिडिओ कॉलवर. तिथं तिनं काय काढावं हे तू तिला आधी शिकवशील का? आणि तसं शिकवणं हे तुझ्या संस्कारांत बसतं का? तू युद्धाच्या बाजूचा असशील किंवा नसशील, ते मी विचारत नाहीये. तुला 'नाही' म्हणता येईल का, एवढंच विचारतोय.

आपल्या देवाधर्माचंही तसंच. तू घरी गीतेचा वर्ग चालवतोस, चांगलं करतोस. 2011 मध्ये सैबेरियातल्या तोम्स्क शहरात इस्कॉनच्या रशियन गीतेला, त्यातल्या भाष्यावरून, अतिरेकी साहित्य ठरवावं म्हणून सरकारी वकिलांनी दावा लावला. आपल्या संसदेत गदारोळ झाला, आपल्या सरकारनं शब्द टाकला, आणि त्या डिसेंबरात कोर्टानं दावा फेटाळला. गीतेच्या पाठीशी एक देश उभा होता. 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाच्या पाठीशी कोणी नव्हतं. 2017 मध्ये त्यांची संघटना अतिरेकी ठरली आणि घरात जमून बायबल वाचणारी माणसं तुरुंगात गेली. लग्न पवित्र मानणारी, तुझ्यामाझ्यासारखी जुन्या वळणाची माणसं. पारंपरिक मूल्यांच्या राज्यात त्यांची परंपरा बसली नाही, कारण कोणती परंपरा खरी हे तिथं सरकार ठरवतं.

तू राहतोस त्याच ओंटारियोतून तुझ्याआधी माणसं गेलेली आहेत. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिका-कॅनडातले हजारो फिन लोक फिनलंडच्या सीमेलगतच्या सोव्हिएत कॅरेलियात गेले. त्यांना उलटं हवं होतं, समतेचं राज्य. हत्यारं, यंत्रं, साठवलेले डॉलर सगळं घेऊन गेले. जंगलतोडीत आणि बांधकामात जीव ओतला. तिथं फिनिश शाळा होत्या, फिनिश वर्तमानपत्रं होती, सरकार त्यांच्या मनासारखं बोलत होतं. मग धोरण फिरलं. शाळा बंद झाल्या, भाषा संशयास्पद ठरली, आणि 1937-38 मध्ये त्यांतल्या शेकडोंना गोळ्या घातल्या. कॅरेलियातल्याच सांदरमोखच्या जंगलात सामूहिक कबरी 1997 मध्ये सापडल्या. त्या शोधणारे युरी दिमित्रिएव आज तुरुंगात आहेत, आरोप वेगळाच लावलेला आहे, शिक्षा 15 वर्षांची. आज 1937 नाही, मला कळतं. पण त्या लोकांनीही तुझ्यासारखंच बघितलं होतं: सरकार काय बोलतं ते. पुढं काय करता येईल ते कोणी बघितलं नाही.

तू म्हणशील, काका, तुम्ही भारतात बसून सांगताय, तुमच्या घरात असं काही घडलेलं नाही. घडलंय. तुला कोणी सांगितलं नसेल. आमची धाकटी बंगळुरूला एका मुलाबरोबर लग्नाशिवाय राहते. मला ते पटलेलं नाही, आजही पटत नाही, आणि मरेपर्यंत पटेल असं वाटत नाही. आमच्यात अबोला झाला, त्या वर्षांचं मला वाईट वाटतं. मताचं वाटत नाही. ते मी तिच्या तोंडावर सांगितलं, तिनं माझ्या तोंडावर खोडून काढलं. आता ती दिवाळीला येते, आम्ही भांडतो, ती जेवते, जाते. उत्तराखंडात 2025 पासून अशा जोडप्यांनी सरकारदरबारी नोंदणी करायची सक्ती झाली, तेव्हा आमच्या कट्ट्यावर मित्र म्हणाले, तुझ्या मनासारखा कायदा आला. मी म्हटलं, मुळीच नाही. माझ्या मुलीशी भांडायचा हक्क माझा आहे, तो मी तहसीलदाराला देणार नाही. मित्रांना हा हेकटपणा वाटला. वाटू दे. मी बाईंचं कपाट बघितलेलं आहे, त्यांनी नाही.

आणखी एक. एवढ्या मोठ्या मेलमध्ये सूनबाईंचं मत एका ओळीतही नाही. ती तयार आहे का? तिला सांगितलंस का, की तिथं फेब्रुवारी 2017 पासून घरातली पहिली मारहाण, गंभीर इजा झाली नसेल तर, फौजदारी गुन्हाच नाही, दंडावर किंवा पंधरा दिवसांपर्यंतच्या कोठडीवर भागतं? तू हात उचलणारा नाहीस, मी तुला ओळखतो. पण मुलगी मोठी होईल, तिचं लग्न तिथंच होईल. आणि नागरिकत्व घेशील म्हणतोस, तर हेही बघ: 2023 च्या कायद्यानं, मागाहून मिळवलेलं नागरिकत्व लष्कराच्या बदनामीसारख्या गुन्ह्यासाठी काढून घेता येतं. त्यांच्या दृष्टीनं तू कायम पाहुणाच असशील.

घराच्या विक्रीचे कागद एजंटाकडं गेलेत असं लिहिलंयस. त्यावर सही करू नकोस. आधी शाळेचा तो सूट मागायचा अर्ज भर आणि काय उत्तर येतं ते मला कळव. बोर्डाच्या पुढच्या सभेची तारीख काढ. रविवारी, तुमच्या सकाळी, फोन कर. सूनबाईंना शेजारी बसव, मला तिच्याशीच आधी बोलायचंय. एवढं करूनही जायचंच ठरलं, तर तुझा अर्ज मी ओळन् ओळ मराठी करून देईन, प्रत्येक कलमाखाली त्याचा अर्थ लिहून देईन, आणि मग तू वाचून सही कर.

तुझा,
काका