क्यू-वन पण ‘सी’: जर्नलची श्रेणी कशी वाचायची?

प्रश्न : व्यवस्थापनातला शोधनिबंध पाठवण्यासाठी निवडलेलं जर्नल स्कोपस या शोधनिबंधांच्या डेटाबेसच्या आकड्यांनुसार क्यू-वन आहे, पण एबीडीसीच्या यादीत ते ‘सी’ आहे. कोणतं खरं? – पीएच.डी. विद्यार्थिनी, सांगली

दोन्ही खरं. क्यू-वन हा निव्वळ सायटेशनचा, म्हणजे इतर निबंधांनी दिलेल्या संदर्भांचा, हिशेब असतो : विषयगटातली जर्नलं गुणांनुसार लावली की वरची पाव क्यू-वन. एकच जर्नल अनेक गटांत असतं. पर्यटनात क्यू-वन आणि मार्केटिंगमध्ये क्यू-टू असू शकतं, आणि जर्नलच्या संकेतस्थळावर बहुधा वरचाच शिक्का झळकतो. म्हणून गटाचं नाव विचारल्याशिवाय क्यू-वनला अर्थ नाही. सायमॅगो आणि साइटस्कोर ही जर्नल मोजण्याची दोन मापं; दोघेही स्कोपसचाच डेटा घेतात, पण सायमॅगो वजनदार जर्नलमधून आलेल्या सायटेशनला जास्त भाव देतो, त्यामुळे त्यांचेही निकाल जुळत नाहीत.

एबीडीसी ही ऑस्ट्रेलियातल्या बिझनेस स्कूलच्या अधिष्ठात्यांची परिषद. तिथे विषयतज्ज्ञांच्या समित्या ए-स्टार, ए, बी, सी ठरवतात; २०२२च्या यादीत ए-स्टार जर्नलं शंभरात सातच्या आसपास होती. ब्रिटनची एजेजी यादी १ ते ४ आणि वर ‘४-स्टार’ देते. फायनान्शियल टाइम्सच्या यादीत फक्त ५० जर्नलं, डॅलसच्या टेक्सास विद्यापीठाच्या यादीत २४.

तेव्हा आधी आपल्या विद्यापीठाचा नियम लेखी मिळवा : कोणती यादी, कोणत्या वर्षाची, आणि श्रेणी निबंध पाठवला त्या दिवशीची धरणार की छापला त्या दिवशीची? मधल्या काळात यादी बदलली की वाद इथेच होतो. पाठवण्याच्या दिवशीच यादीचं पान पीडीएफ करून ठेवा.

प्रश्न : अर्थशास्त्रातल्या नामांकित जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर वैद्यकातल्या जर्नलपेक्षा इतका कमी का? – प्राध्यापक, नाशिक

इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे दर निबंधामागे मिळालेल्या सायटेशनची सरासरी. समजा, २०२२ आणि २०२३ मध्ये जर्नलने मिळून १२० निबंध छापले, आणि २०२४ मध्ये त्यांना ३६० सायटेशन मिळाले. ३६० भागिले १२०, म्हणजे २०२४चा इम्पॅक्ट फॅक्टर ३. खिडकी दोनच वर्षांची. अर्थशास्त्रात परीक्षण आणि दुरुस्त्यांतच वर्ष-दोन वर्षं सहज जातात. तुमच्या निबंधाचा संदर्भ देणारा निबंध छापून येईपर्यंत ही खिडकी बंद झालेली असते. त्यामुळे पाच वर्षांचा आकडा पाहा आणि तुलना अर्थशास्त्रापुरतीच ठेवा. सरासरी असल्यामुळे एखाद-दोन गाजलेले निबंधही आकडा फुगवतात. ‘इकॉनॉमेट्रिका’, ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ यांसारख्या पहिल्या पाच जर्नलांचा मान मुळात या आकड्यावर उभा नाही.

प्रश्न : विश्वासार्ह जर्नलांची यूजीसी-केअर यादी बंद झाली. आता खात्री कशी करायची? – सहायक प्राध्यापिका, लातूर

पुणे विद्यापीठातल्या केंद्राचा मोठा हातभार असलेली ही यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवली. निवडीची जबाबदारी आता संस्थांवर आहे. जर्नलचं नाव नव्हे, आयएसएसएन हा त्याचा ओळख क्रमांक स्कोपसच्या ‘सोर्सेस’ पानावर टाका; ते विनाशुल्क उघडतं. नावं हुबेहूब चोरली जातात. नोंद सापडली तरी समावेशाची वर्षं वाचा, कारण काढून टाकलेल्या जर्नलचे जुने अंक तिथे दिसतच राहतात. संकेतस्थळाचा पत्ता प्रकाशकाच्या मूळ पानावरूनच घ्या, ईमेलमधल्या दुव्यावरून कधीच नाही. इम्पॅक्ट फॅक्टर तो काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीच्या अहवालात नसेल, तर तो धरू नका. आठवड्याभरात स्वीकृती आणि लगेच पैशांची मागणी आली, तर निबंध लेखी कळवून मागे घ्या, आणि तसं उत्तर हाती येईपर्यंत दुसरीकडे पाठवू नका.