वाचकांचे प्रश्न : हिमशिखरावर जाण्यापूर्वी

प्रश्न : आम्ही चार मित्र मे महिन्यात मनालीजवळच्या फ्रेंडशिप शिखराच्या मोहिमेला जाणार आहोत. देवगिरी, अंतूर आणि सह्याद्रीतील बरेच किल्ले आम्ही पाहिले आहेत. बर्फावर मात्र कधी चाललेलो नाही. मनाली सोडल्यावर चौथ्या दिवशी शिखर, असा कार्यक्रम आयोजकांनी कळवला आहे. कोणते साहित्य विकत घ्यावे आणि कोणते भाड्याने?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : साहित्यापेक्षा मला आपल्या चौथ्या दिवसाची अधिक काळजी वाटते. हे शिखर ५,२८९ मीटर उंच असून तेथे प्रत्येक श्वासातून मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या तुलनेत जवळपास निम्मा असतो. किल्ल्यांवर कमावलेली पायांची ताकद तेथे उपयोगी पडेल, परंतु विरळ हवेची सवय मुक्कामाची उंची हळूहळू वाढवल्यानेच होते. ३,००० मीटरच्या पुढे रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून अधिक उंचावर नसावा आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. आपला कार्यक्रम त्यात बसत नाही. आयोजकांकडून दोन-तीन दिवस वाढवून घ्या, आणि ते तयार नसतील तर आगाऊ रक्कम बुडाली तरी चालेल, पण त्यांच्याबरोबर जाऊ नका. डोके दुखून मळमळू लागल्यास आणखी वर चढू नये. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर त्या व्यक्तीला ताबडतोब, सोबत देऊन, खाली न्यावे. सकाळ होण्याची वाट पाहू नये. विरळ हवेच्या त्रासावरची अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी आणि सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास त्यांना आधी सांगावे.

आता साहित्य. अंगाला लागणारे कपडे, मोजे, हातमोजे आणि गॉगल स्वतःचे असावेत. आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुदळीसारखी कुऱ्हाड), क्रॅम्पॉन (बुटांखाली बसवायचे टोकदार दातांचे साधन), हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा), हेल्मेट आणि बर्फातले बूट भाड्याने घेतले तरी चालतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सुती बनियनसारखे सुख नाही, पण बर्फात तेच घातक ठरते, कारण सुती कापडात मुरलेला घाम लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो. म्हणून आत थर्मल, त्यावर फ्लीस (लोकरीसारख्या मऊ कापडाचा थर), मुक्कामासाठी डाऊन (पिसे भरलेले) जॅकेट आणि सर्वांत वर वारा-पाणी अडवणारे जॅकेट घ्यावे. भाड्याचे बूट जाड मोजे घालून, बोटे आत मोकळी हलतात का ते पाहून निवडावेत आणि क्रॅम्पॉन त्या बुटांवर मनालीतच बसवून पाहावेत. ताजा हिम अतिनील किरणांपैकी बहुतांश परावर्तित करतो, तेव्हा कडेनेही डोळे झाकणारा गॉगल हवाच. घसरल्यावर आइस अ‍ॅक्सने स्वतःला थांबवण्याचा सराव सौम्य उतारावर पूर्ण एक दिवस करावा. शिखराकडे मध्यरात्रीनंतर निघतात, कारण ऊन तापल्यावर हिम भुसभुशीत होऊन हिमस्खलनाचा धोका वाढतो. त्यामुळे परतीची वेळ आधीच ठरवावी आणि शिखर समोर दिसत असले तरी ती पाळावी.

प्रश्न : थंडीने बधिर झालेली बोटे बर्फाने चोळावीत, असे ऐकले आहे. ते योग्य आहे का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : मुळीच नाही. चोळल्याने गोठलेल्या पेशी फाटतात, आणि शेकोटीजवळ धरल्यास बधिर कातडी भाजल्याचे कळतही नाही. नुसती बधिर झालेली बोटे काखेत धरून ऊब द्यावी. बोटे पांढरी व कडक झाली असतील, तर ३७ ते ३९ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवावीत. मात्र ती वाटेत पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, तर वितळवण्याचा प्रयत्न न करता कोरड्या कापडात सैल गुंडाळून रुग्णालय गाठावे.