टॅली तिघांनी मिळून वापरताना
तुमच्या कार्यालयात तीन संगणकांवर टॅलीप्राइम हे हिशेबाचे सॉफ्टवेअर चालवायचे असेल, तर प्रथम परवाना तपासा: सिल्व्हर एका संगणकासाठी असतो, गोल्ड एकाच स्थानिक नेटवर्कवरील अनेक संगणकांसाठी. नवख्यांची सर्वांत महागडी चूक मात्र वेगळीच असते. डेटाचे फोल्डर प्रत्येक संगणकावर कॉपी करून जो तो आपल्या प्रतीत नोंदी करू लागतो आणि महिनाअखेरीस तीन वेगळी खाती जुळवत बसावे लागते, हे मी स्वतः भोगले आहे. म्हणून डेटा एकाच संगणकावर ठेवा, ते फोल्डर वाचन आणि लेखन या दोन्ही अधिकारांसह नेटवर्कवर शेअर करा आणि इतर संगणकांवरील टॅलीत त्याच फोल्डरचा पाथ, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, द्या. प्रत्येकाला स्वतंत्र यूजरनेम द्या, रोज बॅकअप घ्या. घरून काम करण्याची सोय नंतर पाहता येईल.